गल्ल्यासमोरची काच

माझी माय चौकातल्या हॉटेलात भांडी घासायची. हॉटेल चंद्रपूरहून मोहर्लीच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ऊर्जानगर मागं टाकलं की थोडं पुढं. सकाळी जंगल पाहायला निघालेल्या जिप्सी तिथं थांबत, पाळी सुटलेल्या कामगारांच्या कंपनीच्या बसा थांबत, आणि दोघांचेही उष्टे कप मायकडे येत. भांडी घासायची जागा हॉटेलच्या मागं, उघड्यावर, नालीच्या काठाशी. वर छप्पर नाही. आमच्याकडचा उन्हाळा असा की दुपारी नळाचं पाणी हाताला चटका द्यायचं. पावसाळ्यात ती डोक्यावर खताचं रिकामं पोतं घेऊन बसायची. बाबा बांबूच्या कटाईवर एटापल्लीकडे जायचे आणि गेले की महिनोन् महिने परत येत नसत. तेवढे दिवस घर मायच्या हातावर. हॉटेलातली उरलेली भजी ज्या दिवशी मिळायची, त्या दिवशी आम्हा भावंडांना भाजीची चौकशी करावी लागत नसे.

हॉटेलच्या मालकाचा, म्हणजे सेठचा, गल्ला कोपऱ्यावर होता. चौकातून गावाकडे एक लहान रस्ता फुटतो, त्या रस्त्याकडे तोंड करून सेठ बसायचा, कारण भांडी घासणाऱ्या बाया संध्याकाळी मागून निघून त्याच रस्त्यानं घरी जात. प्रत्येकीनं गल्ल्यापुढं थांबायचं, पिशवी उघडून दाखवायची, पदर झटकायचा, मग जायचं. गिऱ्हाइकं चहा पीत पाहत बसायची. एखादा हसायचा.

एक दिवस स्टीलचा मोठा जग सापडेना. मी शाळा सुटल्यावर थेट हॉटेलच्या मागं जायची, त्यामुळं मी तिथंच होते. सेठ मागं आला आणि मायला म्हणाला, "तू समोर चाल. पाटीखाली उभी राह्य. जग भेटेपर्यंत हालाचं नाई."

"सेठ, मी नाई घेतला जी."

"मंग तुले का भेव हाय? उभी राह्य."

ती उभी राहिली. हाताला राख लागलेली, तशीच. पाटीवर पुरीभाजी रंगवलेली होती आणि तिच्याखाली माझी माय. बसा आल्या, गेल्या. आमच्याच गावची एक बाई ऑटोतून उतरली आणि तिनं विचारलं, "काऊन वो, इथी काऊन उभी?" माय म्हणाली, "गाडीची वाट पाहून राह्यली." त्या बाईनं राख लागलेले हात पाहिले आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

दिवे लागायच्या सुमारास एक जिप्सीवाला आला. गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी टाकायला त्यानं जग नेला होता आणि गाडीतच विसरला होता. सेठनं जग घेतला, आत ठेवला आणि मायला म्हणाला, "उद्या टाइमावर येजो."

एवढंच.

दुसऱ्या दिवशी माय टाइमावर गेली. ती गेली नसती तर कदाचित मी विसरले असते. ती गेली. म्हणून मी विसरले नाही.

त्या दिवशी मी काही शपथ घेतली असं लिहिलं तर खोटं होईल. मी लहान होते, दुसऱ्या दिवशी खेळायलाही गेले असेन. पण तो राग माझ्यासोबत शाळेत एकेक इयत्ता वर चढत गेला, मग चंद्रपूरला कॉलेजात गेला. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. डिग्री घेऊन मी नागपूरला एका चहा-नाश्त्याच्या कंपनीच्या दुकानात काउंटरवर लागले. देशभर जिची एकसारखी दुकानं असतात, तसली कंपनी. काउंटरवरून मॅनेजर झाले, तेव्हा मायचं सेठकडचं काम सुटलं. मालकांनी बाहेरच्यांना फ्रँचायझी द्यायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या अर्जांत माझा होता. पैसा कुठून आला ती गोष्ट बँकेला पाठ आहे, इथं नको.

जागेचं मात्र सांगते. सेठच्या हॉटेलासमोर, लहान रस्त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यावर, चंद्रपूरच्या एका चाचांचा गाळा होता. चाचांचं वेल्डिंगचं काम. ते त्यांनी शहरात हलवलं आणि गाळा रिकामा झाला. कंपनीच्या लोकांनी मला बसस्टँडजवळची एक जागा सुचवली होती. तिथं धंदा जास्त झाला असता, हे मलाही दिसत होतं. मी म्हणाले, नाही, मला हाच कोपरा पाहिजे.

"काही खास कारण?" त्यांनी विचारलं.

"जंगलाचे प्रवासी," मी म्हणाले. तेही खरंच होतं.

दुकान काढणं म्हणजे गाळा घेतला, रंग मारला, पाटी लावली, असं मला वाटत होतं. तसं नसतं. आधी जागा मंजूर होते. मग आतली मांडणी: टेबलं कुठं, भट्टी कुठं, पाणी कुठून येणार, कुठं जाणार. मग दर्शनी भाग. मग पाटी. प्रत्येक नकाशा कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला जातो, तिथले लोक चुकलेल्या जागेभोवती लाल ढग काढून परत पाठवतात, आणि ढग संपेपर्यंत एक वीटसुद्धा हलवायची नाही. कंपनीनं माझ्यासाठी एक डिझाइनवाला नेमला. पुण्याचा, तरुण, शांत, लेझरनं मापं घेणारा. माणूस चांगला होता.

त्याच्या पहिल्या नकाशात भांडी धुवायची जागा मागं होती. सगळ्या दुकानांत तशीच असते. लहान रस्त्याकडची भिंत बंद, तिच्यावर आतून जंगलाचं चित्र असलेला कागद.

मी म्हणाले, "धुवायची जागा या भिंतीला घ्या. आणि भिंतीऐवजी काच."

"बाहेरून भांडी दिसतील, ताई."

"दिसू द्या."

समोर कोण बसतं, तो कुठं पाहत असतो, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. मला काय पाहिजे होतं ते इथं सरळ सांगते. गल्ल्यावर बसलेल्या त्या माणसानं मान वर केली की त्याला माझी भांडी घासायची जागा दिसायला पाहिजे होती. छताखाली, पंख्याखाली, गरम पाण्याच्या नळाची. आणि तिथं माझी माय. रोज. तो जिवंत आहे तोवर. हे मंजूर झालं नसतं तर मला ती फ्रँचायझी नको होती.

पुण्याहून लाल ढग आला: गिऱ्हाइकाला उष्टी भांडी दिसता कामा नयेत. मी उत्तर लिहिलं की गाळ्यामागं एकाची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आहे, दुकानाचं साबणाचं पाणी तिकडं सोडलं तर ते रोपात जाईल. सरकारी नाली लहान रस्त्याला आहे, म्हणून पाण्याचं काम त्याच भिंतीला हवं. काचेबद्दल लिहिलं की प्रवासी आत येताना आधी स्वच्छता पाहतात, तर मग दाखवूच की. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. डिझाइनवाल्यानं बांधीचा फोटो जोडला आणि माझी बाजू धरली.

दरम्यान मी मायला नकाशा दाखवला. तिनं कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाली, "हे मले नाई समजत. जमिनीवर काढून दाखव." आमच्याकडे घर बांधायचं तर आधी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून खोल्या आखतात, आणि घरचे लोक त्या रेघांमधून फिरून पाहतात. मी अंगणात फक्कीनं सगळा गाळा खऱ्या मापाचा आखला. बाबा खाटेवर बसून पाहत होते. माय दारातून आत शिरली, टेबलांच्या मधून चालली, एका टेबलाच्या रेघेवर पाय पडला तर बाजूला झाली, आणि धुवायच्या जागेशी येऊन थांबली.

"इथी बसाचं कसं?"

"बसाचं नाई माय, उभ्यानं. ओटा हाय."

"आन समोर का हाय?"

"काच. त्याच्या पल्याड रस्ता. रस्त्याच्या पल्याड सेठचा गल्ला."

तिनं रेघेवरून पाय मागं घेतला. मग चिडली. "मी नाई उभी राहत इथी. मले त्याचं तोंड पाहाचं नाई. इतके वर्षं पाह्यलं."

"तुले नाई पाहाचं. त्याले पाहाचं हाय."

"म्हणजे आताही भांडेच घासू? काचेच्या पेटीत बसून?"

"तुले हात नाई लावाचा. दोन बाया ठेवीन. तू फक्त मागं उभी राहून पाहाचं, कप नीट निघते का नाई ते."

"म्हणजे मी सेठ?"

बाबा खाटेवरून हसले. "पदर झटकाले लावू नको म्हणजे झालं."

माय हसली नाही. ती काचेच्या रेघेकडे पाहत होती. मग अंगणाच्या कडेचं लाकूड आणून तिनं ते रेघेवर उभं केलं आणि विचारलं, "काच कुठून सुरू होते?"

मी हातानं दाखवलं.

"आन रस्ता उंच हाय का खाली?"

उंच होता. दर वेळी नवीन डांबर पडलं की रस्ता वर येतो आणि गाळा तिथंच राहतो. चाचांचा गाळा रस्त्यापेक्षा चांगलाच खाली गेला होता, आणि सेठचा गल्ला ओट्यावर.

"मंग त्याले माहा भांगच दिसन," माय म्हणाली. "चेहरा दिसाले पायजे. जमीन उचल."

नाही म्हणणारी ती, आणि जमीन उचल म्हणणारीही तीच.

डिझाइनवाल्याला मी एवढंच कळवलं की धुवायच्या जागेची जमीन एक पायरी वर घ्यायची आहे. तो म्हणाला, वर छत कमी पडेल. मी म्हणाले, खोटं छत काढा तेवढ्या भागातलं. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "फर्श जितना चाहे उठा ले बेटी, छप्पर मेरा वहीं रहेगा, सर संभालना." नकाशा पुन्हा गेला. मांडणी मंजूर होऊन आली, एका अटीवर: काचेतून दिसणारा माणूस स्वच्छ कपड्यांत, नीट उभा दिसला पाहिजे. अट वाचून मी हसले. ही अट त्यांनी घातली नसती तर मी घातली असती.

त्याच पाकिटात भिंतीच्या कागदाचा नमुना आला. कागदावर बांबू छापलेला. आमच्या जिल्ह्यात, पुण्याहून, बांबूचं चित्र! बाबांनी तो हातात घेऊन चोळून पाहिला. "मी तिकडं येटापल्लीले तोडला, तो पेपरमिलात गेला, तिथून पुण्याले गेला, आन आता भिताडावर चिकटाले वापस आला. माहाच असन हा." कागद आम्ही लावला. अजून आहे.

पुढचा ढग मोठा होता. दर्शनी भागाबद्दल पुण्यानं लिहिलं: चंद्रपूरकडून येणाऱ्या गाडीला पाटी दिसत नाही, मध्ये शेड आहे, हे निघालं नाही तर जागेची मंजुरी रद्द. शेड सेठचं होतं. हॉटेलाच्या पुढं टिनाचं, थेट रस्त्याच्या कडेपर्यंत काढलेलं. चंद्रपूरकडून आधी त्याचं हॉटेल लागतं, मग लहान रस्ता, मग आम्ही. त्याचं टिन आमच्या सगळ्या दर्शनी भागावर पडदा टाकून उभं होतं. इतकं जमवलं आणि आता सगळं त्याच माणसाच्या टिनावर येऊन अडलं. त्या दिवशी मी जेवले नाही. त्याच्याकडे काही मागायला जायचं, यापेक्षा कागद फाडून टाकावेत असं वाटत होतं.

डिझाइनवाला परत फोटो काढायला आला. आम्ही दोघं शेडजवळ मापं घेत होतो, तेवढ्यात सेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आला. म्हातारा झालेला, पण आवाज तोच. त्यानं डिझाइनवाल्याची पँट, बॅग, गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि हात जोडले.

"आइये साहेब, आइये! ऐकलं जी, कंपनी येऊन राह्यली म्हणून. बसा ना आत. ए, साहेबांले स्पेशल आन!"

हातात कापडी पिशवी घेऊन मी मागोमाग पाऊल टाकलं, तर तो माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही बाहेरच थांबा. आत जागा नाई."

आत सगळी टेबलं रिकामी होती. मी बाहेर थांबले. मला त्यानं ओळखलं नाही, आणि ओळखणार तरी कशावरून? भांडेवालीच्या पोरीकडे त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. बाहेरून सगळं ऐकू येत होतं.

"अहो, मालक मी नाही..." डिझाइनवाला म्हणाला.

"समजते जी, समजते. मालक पुण्याले बसते, तुम्ही त्यायचे मानूस. बोला, काय अडचण हाय?"

डिझाइनवाल्यानं बाहेर माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: नको. तो बिचारा म्हणाला, "या शेडमुळं आमची पाटी दिसत नाही."

"एवढंच? उद्याच कापतो. चौकाची शान वाढते साहेब, आपलंही भलं. फक्त एक ध्यानात ठेवजा, माहा वरचा मजला रिकामा हाय. तुमचे पोट्टे ठेवाले कामी येन. आन पुढची ब्रांच आली तं..."

"त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही."

"मी कुठी म्हणतो सांगा? घ्या, चहा घ्या."

परत येताना गाडीत डिझाइनवाला अस्वस्थ होता. "ताई, तुम्ही त्यांना सांगायला हवं होतं."

"कशाला? त्यानं विचारलं का मला?"

"त्यांना वाटलं मी मालक."

"पँटवाला तो मालक आणि पिशवीवाली बाई ती नोकर, असं त्याला वाटलं. ते मी कशाला दुरुस्त करत बसू? तुम्ही काही खोटं बोललात?"

"नाही."

"मी?"

"तुम्ही तर बोललातच नाही."

"मग झालं."

तेव्हा मी त्याला पाटीखालची गोष्ट सांगितली. ऊर्जानगर आलं तरी तो नकाशातली काच पाहत होता. मग म्हणाला, "काच जरा मोठी घ्यायला हवी होती."

शेड कापायला सेठनं कुणाला बोलवावं? चाचांना. चौकात वेल्डिंगवाला म्हटलं की अजून त्यांचंच नाव निघतं. त्यांना सगळं माहीत होतं. टिन उतरवून ते माझ्याकडे आले, हात पुसत. "बेटी, आदमी अपने हाथ से अपना पर्दा हटवा रहा है और मुझे मजदूरी दे रहा है. लेते हुए शरम आ रही थी."

"मग नका घेऊ, चाचा."

"शरम आई, इतना ही बोला. मजदूरी ली तो है."

फोटो पुण्याला गेले. शेवटचा नकाशा कोणत्याही ढगाशिवाय परत आला, खाली मंजुरीचा शिक्का. मी तो मायला दाखवला, तर ती म्हणाली, "आता काय, सुरू करा ना काम."

काम सुरू झालं तेव्हा सेठ अधूनमधून येऊन डोकावून जायचा आणि कामगारांना विचारायचा, साहेब कधी येतात? ते म्हणायचे, येतात. पाटी चढली त्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला. मी पायरीवर उभी होते. काचेमागं माय उभी होती, कंपनीच्या कपड्यांत, हातात एक कप उजेडाकडे धरून डाग पाहत. सेठनं तिला ओळखलं. तिला ओळखलं, मला नाही.

"ही तं आपली भांडेवाली," तो म्हणाला. "इथीही लागली का?"

"ती माझी माय आहे. दुकान माझं आहे."

त्याला समजायला वेळ लागला. तो पाटीकडे पाहायचा, माझ्याकडे पाहायचा, मग आपल्या हॉटेलाकडे, जिथं आता शेड नव्हतं आणि दुपारचं ऊन सरळ त्याच्या टेबलांवर पडत होतं.

"मले सांगाचं तं होतं," तो म्हणाला. "मी शेड कापलं तुमच्यासाठी."

"सांगितलं असतं सेठ. पण तुम्ही मला बाहेर थांबवलं होतं. बोलणं आत चालू होतं."

माय काचेआडून सगळं पाहत होती. तिनं कप खाली ठेवला, दुसरा उचलला. तिनं त्याला नमस्कार केला नाही, बोलावलं नाही, शिवीही दिली नाही. तो परत गेला आणि गल्ल्यावर बसला, कारण दुसरीकडे बसायला त्याला जागा नाही. गल्ला हलवायचा तर अख्खं हॉटेल फिरवावं लागेल. लोक मला म्हणतात, एवढं कशाला, म्हातारा माणूस आहे. माझी माय त्या पाटीखाली उभी होती तेव्हा जवान होती, एवढंच मी त्यांना सांगते.

त्याच्याकडे भांडी घासणाऱ्या दोघी आता माझ्याकडे आहेत. उभ्यानं काम करतात, संध्याकाळी मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं जातात, आणि त्यांच्या पिशव्या कुणी उघडत नाही. जिप्सी आधी आमच्याकडे थांबतात. जागा मंजूर झाली, मांडणी मंजूर झाली, पाटी मंजूर झाली, दुकान माझ्या नावावर चालू आहे, आणि सेठनं गल्ल्यावरून समोर पाहिलं की त्याला माझ्या मायचा पूर्ण चेहरा दिसतो.